विश्लेषण : १२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येचा डोंबिवलीशी संबंध काय? कोण होते गणिती कापरेकर?

नऊ वेळा १ लिहा. १११११११११ या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढत जाणारी आणि पुन्हा एकपर्यंत उतरणारी ही संख्या उजवीकडून वाचा की डावीकडून, सारखीच. हा गुणाकार कागदावरच करावा, कारण अनेक मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सतरा अंक मावत नाहीत आणि शेवटचे अंक गाळून भलतेच काहीतरी दिसते.

या संख्येच्या कुळाचे नाव आहे ‘डेम्लो संख्या’. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. हे नाव ठेवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि विद्यापीठातले पदही नव्हते. त्यांच्या नावाचा स्थिरांक आज जगभरातल्या गणिताच्या पुस्तकांत सापडतो. त्यांना मिळालेल्या पहिल्या मोठ्या शाबासकीचा धागा मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यापर्यंत येतो.

ही संख्या अशी पायऱ्यापायऱ्यांची का होते?

शाळेत शिकवतात तसा उभा गुणाकार मांडून पाहा. नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळीत नऊ एक आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता बेरीज करा. एकक स्थानाखाली एकच १ आहे, दशकाखाली दोन, शतकाखाली तीन. असे करत मधल्या रकान्यात नऊ एक येतात आणि तिथून पुढे संख्या पुन्हा घटत जाते. कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही. सगळी शोभा एवढ्यावरच आहे. एक १ वाढवून दहा एकांचा वर्ग केला, की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते.

पण या सतरा अंकांत आणखी काही दडलेले आहे. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे उरते १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्हींची बेरीज ९९९९९९९९. म्हणजे मध्ये जो अंक आहे, तोच बेरजेत सगळीकडे. डेम्लो संख्येची खरी ओळख हीच. १६५ घ्या : कडेच्या १ आणि ५ यांची बेरीज मधल्या ६ इतकी. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये दोन पाच. १२१, १२३२१ अशा जिन्यासारख्या संख्या या कुळातल्या सर्वात देखण्या.

आता तिचे सगळे अंक मिळवा. बेरीज येते ८१. आणि ८१ ने या सतरा अंकी संख्येला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो स्वतः १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. नीट पाहिलेत तर या शेवटच्या संख्येत ८ नाही. तिला ९ ने गुणले की आपले नऊ एक परत येतात.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी नाव दिले ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. १२ साठी १ अधिक २ बरोबर ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो. तेव्हा १२ हर्षद. आपली सतरा अंकी डेम्लोही हर्षद निघाली.

कापरेकर कोण होते?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. मुलाला ग्रहताऱ्यांपेक्षा ती आकडेमोडच जास्त भावली, असे त्याच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते. शाळेचे शिक्षण ठाण्यात झाले. गणिती कोडी सोडवत तासन्‌तास बसणारा हा मुलगा १९२३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला आणि १९२९ मध्ये बीएस्सी झाला.

पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, देवळालीत शिक्षकाची नोकरी मिळाली. लष्करी छावणीच्या त्या छोट्या गावात ते १९६२ पर्यंत, निवृत्त होईस्तोवर शिकवत राहिले. बत्तीस वर्षे एकाच गावात. नाव देशोदेशी झाले तेव्हाही पत्ता देवळालीचाच होता.

दिवसा वर्ग, तपासायच्या वह्या. उरलेल्या वेळात संख्या. संशोधनासाठी रजा, अनुदान, मार्गदर्शक असले काही नव्हते. जे सापडेल ते छोट्या पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापायचे, गणिताच्या नियतकालिकांकडे पाठवायचे, परिषदा भरतील तिथे जाऊन मांडायचे आणि महाविद्यालयांत बोलावले तर पोरांना संख्यांच्या गमती दाखवायच्या, असा त्यांचा क्रम. डेम्लो संख्यांची कल्पनाही टेबलाशी बसून सुचलेली नव्हती. त्या वेळच्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या डेम्लो स्थानकात ती सुचली, म्हणून स्थानकाचेच नाव संख्येला दिले. लोकलची वाट पाहताना आजही त्या फलाटावर लाखो माणसे उभी असतात. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

रत्नागिरीचा धागा कोणता?

कापरेकर फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, १९२७ मध्ये, त्यांना मूळ गणिती कामासाठीचे रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळाले. ज्यांच्या नावाने हे पारितोषिक होते ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. जन्म १८७६ चा. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात आणि त्यांच्यात पहिला येणारा सीनियर रँग्लर. १८९९ मध्ये परांजपे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

थोडे विषयांतर करून सांगायला हवे, की फर्ग्युसनच्या गणितावर रत्नागिरी जिल्ह्याची छाप परांजप्यांच्याही आधीपासून होती. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक तिथे गणित शिकवत. ते बाहेर पडल्यावर १८९१ मध्ये गणित शिकवायला आले धोंडो केशव कर्वे, मुरूडचे. परांजपे हे कर्व्यांचे नातलग आणि त्यांच्याच आधाराने शिकलेले. टिळक पुढे राजकारणात, कर्वे स्त्रीशिक्षणात, परांजपे शिक्षण आणि सार्वजनिक जीवनात मोठे झाले. तिघांच्याही हातून गणित थोडेथोडे सुटत गेले. त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या डहाणूच्या मुलाने ते आयुष्यभर धरून ठेवले.

पारितोषिक मिळाले ते काम मात्र वक्रांच्या एका प्रकाराबद्दल होते, संख्यांच्या गमतीबद्दल नव्हे. हे महत्त्वाचे आहे. रीतसर मान्य असलेले गणित आपल्याला जमते, हे कापरेकरांनी विद्यार्थी असतानाच दाखवून दिले होते. संख्यांशी खेळणे ही त्यांची निवड होती.

६१७४ मध्ये असे काय आहे?

कापरेकर जगाला माहीत आहेत ते या चार अंकांमुळे. रीत सोपी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकसारखे तेवढे नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने लावून लहानात लहान संख्या करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून चार अंक पुरे करायचे.

कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तीच रीत वापरली तर ७६४१ − १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. गाडी इथेच थांबते. कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे पोहोचते. योगायोग असा, की कापरेकरांच्या जन्मसालाला पूर्ण सात लागतात. परांजप्यांचे १८७६ तीनच पायऱ्यांत पोहोचते, करून पाहा.

हे असे का होते? अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले की पहिल्या आणि शेवटच्या अंकातील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर वजाबाकीचे उत्तर ठरते. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की झाले. त्यामुळे नऊ हजार चार अंकी संख्यांपैकी कोणतीही घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ उत्तरे शक्य असतात. चाळणी इतकी बारीक आहे. त्या ५४ उत्तरांचे पुढे काय होते हे तपासले की सगळ्या वाटा ६१७४ ला मिळालेल्या दिसतात. आज हे काम फोनवरचा छोटा प्रोग्राम क्षणात करतो. कापरेकरांना हे १९४६ मध्ये, कागदावर सापडले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले आणि पुढे अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ते छापून आले. आता ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

या संख्येच्या अंकांची बेरीज १८ येते. ६१७४ ला १८ ने भागले की ३४३ उरतात, म्हणजे ७ चा घन. तेव्हा हीसुद्धा हर्षद.

त्यांच्या नावाच्या आणखी कोणत्या संख्या आहेत?

४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळवा, पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. शाळेत आवर्ती दशांश शिकताना भेटलेली १४२८५७ आठवते? तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे मिळवले तर १४२८५७. सातने भागताना भेटणारी ही संख्या इथेही हजर.

मला स्वतःला त्यांची ‘स्वयंभू संख्या’ ही कल्पना सर्वात आवडते. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवा, २१ मिळाले. तेव्हा १५ ही २१ ची जनक. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० ला जनकच नाही. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिचे अंक मिळवले तरी २० येत नाही. ३१, ४२, ५३ यांचेही तसेच. देवळांतल्या मूर्तींसाठी कोकणातही सर्रास वापरला जाणारा स्वयंभू हा शब्द कापरेकरांनी अशा आईबापांविना संख्यांना दिला आणि १९५९ मध्ये त्यांच्या कोड्यांवर पुस्तिका काढली.

मग त्यांची हेटाळणी का झाली?

परिषदांत त्यांच्या कामाला अनेकदा हसण्यावारी नेले गेले. ही केवळ पुस्तकी माणसांची आढ्यता होती असे म्हणून विषय संपवता येत नाही, कारण आक्षेपाला आधार होता. कापरेकरांचे बरेच शोध आपण दहाच्या पटीत मोजतो यावर उभे आहेत. माणसाच्या हाताला आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर ६१७४ हे चार अंक असे एकमेव ठरले नसते. संख्या तीच राहते, पण ती लिहिण्याची पद्धत बदलली की गुण हरवतो. मग हा गुण संख्येचा, की लिखाणाचा? त्या काळच्या गणितज्ञांना दुसरे उत्तर पटत होते. शिवाय कापरेकर नमुने शोधण्यात जितके रमत, तितके व्यापक सिद्धतांत रमत नसत.

पण हा आक्षेप सगळीकडे लागू पडत नाही. आपली सतरा अंकी डेम्लोच घ्या. आठाच्या पटीत मोजणाऱ्यांनी सात एकांचा वर्ग केला तर त्यांच्या लिपीत १२३४५६७६५४३२१ येईल. जिना लहान झाला, पण मोडला नाही. कारण हातचा न येणे हे कारण दोन्हीकडे सारखेच. कोणता गुण पद्धतीबरोबर जातो आणि कोणता टिकतो, हा प्रश्न विचारणे म्हणजे गणितच करणे. तो प्रश्न विचारायला आधी कोणीतरी नमुना शोधून समोर ठेवावा लागतो. हसणाऱ्यांनी ते काम केले नव्हते.

नाव झाले कधी?

उशिरा, आणि परदेशातून. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणिती कोड्यांच्या सदरात कापरेकरांच्या संख्यांबद्दल लिहिले. हे सदर जगभरचे गणितवेडे वाचत. त्यानंतर देवळालीचे मास्तर अनेक देशांत माहीत झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

निवृत्तीला तेरा वर्षे होऊन गेली होती. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले होते. निवृत्तिवेतन पुरेसे नसल्याने ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत होते. ज्याच्या संख्यांवर परदेशात चर्चा सुरू होती, तो माणूस घर चालवण्यासाठी मुलांची गणिते सोडवून घेत होता. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

नावाच्या बाबतीतही सगळे सरळ झाले नाही. १९७७ मध्ये कॅनडात जन्मलेले अमेरिकी गणितज्ञ आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेत हर्षद संख्यांचा विषय मांडला आणि पाश्चात्त्य लेखनात त्या ‘निव्हन संख्या’ या नावाने रुळल्या. आता अनेक ठिकाणी दोन्ही नावे शेजारीशेजारी छापतात. हर्षद हा शब्द निदान हरवला नाही.

पुढे काय सापडले?

६१७४ ची रीत चारपेक्षा वेगळ्या अंकसंख्येला लावली तर काय होते, हे नंतर तपासले गेले. तीन अंकांना ४९५ भेटते. दोन अंकांना थांबाच नाही; ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे रिंगण चालू राहते. पाच अंकांचेही तसेच, नुसती रिंगणे. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन थांबे आहेत, पण सगळ्याच संख्या तिथे पोहोचत नाहीत. आठ अंकांतला एक थांबा ६३३१७६६४ आहे. त्यात ६१७४ चे अंक आहेत आणि जास्तीचे तीन-तीन, सहा-सहा दाटीने बसले आहेत.

दहा अंकांतला एक थांबा कागदावर पडताळून पाहण्यासारखा आहे. शून्यापासून नऊपर्यंतचे दहाही अंक एकदाच वापरून सर्वात मोठी संख्या करा : ९८७६५४३२१०. उलट लावून सर्वात लहान करा : ०१२३४५६७८९. वजाबाकी केली की येते ९७५३०८६४२१. या उत्तरातले अंक मोजा. दहाचे दहा आहेत, प्रत्येक एकदाच.